चोर सापडला नाही, आळ मात्र राहिला



प्रायश्चित्तकाळ सुरू आहे. या दिवसांत आपण उपास करतो, शुक्रवारी क्रुसाची वाट चालतो, जमेल तसा दानधर्म करतो आणि पुनरुत्थानाच्या सणापूर्वी एकदा तरी पापनिवेदन करतो. पापनिवेदनाची तयारी करताना दहा आज्ञा एकेक करून डोळ्यांसमोर आणाव्यात, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. सातव्या आज्ञेपाशी आपण बहुधा रेंगाळत नाही. चोरी करू नको, असे ती सांगते, आणि आपण काही कोणाच्या घरात शिरलेलो नसतो. आठव्या आज्ञेपाशीही आपण लवकरच पुढे सरकतो, कारण खोटी साक्ष द्यायला कोर्टात कोण गेलेले असते? यंदा मात्र या दोन आज्ञांच्या मध्ये आम्ही स्वतः अडकलो. म्हणून आज हे लांबलचक पत्र.

गेल्या पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला. पूल पाण्याखाली गेला, वीज गेली, मोबाईल बंद पडले. आपल्याला यात नवीन काही नाही. त्याच दिवसांत एका रात्री बाजारातल्या एका लहानशा दुकानाचा मागचा पत्रा उचकटून कोणीतरी आत शिरले. गल्ल्यातली रोकड गेली, आणि दुरुस्तीला आलेले काही मोबाईलही गेले. ते मोबाईल गिऱ्हाइकांचे होते. दुकानदाराला स्वतःच्या नुकसानीबरोबर त्यांचीही भरपाई करावी लागली. दुकान लहान, त्यावर कर्ज, आणि पुराने धंदा आधीच बसलेला. त्याची काय अवस्था झाली असेल, ते दुकान चालवणाऱ्यालाच कळेल.

या दुकानात आपल्या धर्मग्रामातला एक तरुण पूर्वी कामाला होता. चोरीच्या दोन महिने आधी पगारावरून बिनसले आणि त्याने काम सोडले. दुकानाची मागची बाजू कशी आहे, गल्ल्याची चाबी कुठे असते, हे त्याला ठाऊक होते. पूर ओसरण्याच्या आतच त्याचे नाव गावात फिरू लागले. ते पहिल्यांदा कोणी घेतले, हे आता कोणालाच आठवत नाही. पोलिसांनी त्याला बोलावले, दोन दिवस विचारपूस केली आणि सोडून दिले. त्याच्या घरी काही सापडले नाही. आजपर्यंत चोरही सापडलेला नाही आणि मालही सापडलेला नाही.

आम्ही त्याचे नाव येथे लिहिलेले नाही. तरीही वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मनात ते आले असेल. आजचा विषय नेमका तोच आहे.

आम्ही काय केले

हा तरुण दोन वर्षांपासून रविवारच्या मिस्सानंतर दानाची मोजणी करायला बसत असे. दानपेटीची एक चाबी त्याच्याकडे असे. पोलिसांनी त्याला सोडल्यानंतरच्या रविवारी आम्ही त्याला सॅक्रिस्टीत बोलावले आणि म्हणालो, "बाळा, थोडे दिवस तू आराम कर. चाबी सध्या दुसऱ्याकडे राहू दे." आमचा आवाज मृदू होता. तुझ्यावर संशय आहे, असे आम्ही म्हणालो नाही. त्याने काहीही न बोलता चाबी टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला.

त्याला त्रास होऊ नये, लोकांच्या नजरांपासून तो थोडा दूर राहावा, म्हणून आपण हे करतो आहोत, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती. आठ दिवसांनी त्याची आई आली. ती रडली नाही आणि भांडलीही नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "फादर, गावातले लोक आजवर 'असं म्हणतात' म्हणत होते जी. आता म्हणतात, 'फादरनंच चाबी काढून घेतली, मग काय राहिलं?' आता मी कोणाकोणाला सांगत फिरू?"

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पोलिसांना पुरावा मिळाला नव्हता. गावाला मात्र तो मिळाला आणि तो आम्ही पुरवला.

जानेवारीत तो तरुण इतर मजुरांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेला. गावात त्याला कोणी कामावर घेत नव्हते. "त्याला घेतलं असतं फादर, पण दुकान आहे," असे आम्हाला एका भल्या माणसाने सांगितले. हे पत्र लिहिण्यापूर्वी आम्ही त्याच्या आईशी आणि फोनवरून त्याच्याशी बोललो. दोघांनी होकार दिला, म्हणूनच हे छापले जात आहे. दुकानदारालाही आम्ही विचारले आहे.

संशयाच्या तीन पायऱ्या

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात नेमका हा प्रश्न हाताळला आहे. संशयावरून एखाद्याचा निवाडा करावा का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा भाग आम्ही पाठ केला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. चाबी मागताना तो आठवला नाही.

संत थॉमस संशयाच्या तीन पायऱ्या सांगतात. पहिल्या पायरीवर किरकोळ कारणावरून आपल्या मनात एखाद्याच्या चांगुलपणाविषयी शंका येते. माणूस आहे तोवर अशी शंका येणारच. तिच्यात दोष असला तरी तो हलका आहे. दुसऱ्या पायरीवर आपण त्याच किरकोळ कारणावरून त्याचा वाईटपणा नक्की धरून चालतो. शंका आता खात्री बनते, पुरावा मात्र होता तेवढाच असतो. गोष्ट गंभीर असेल तर हे पाप गंभीर आहे, कारण यात आपण त्या माणसाला मनातल्या मनात तुच्छ ठरवलेले असते. तिसऱ्या पायरीवर न्यायाधीश केवळ संशयावरून शिक्षा देतो. तो उघड अन्याय आहे.

आपण न्यायाधीश नाही, म्हणून तिसरी पायरी आपल्याला लागू नाही, असे वाटते. पण काम न देणे ही शिक्षाच आहे. बाजारात बोलता बोलता माणसे गप्प होणे हीही शिक्षाच. चाबी काढून घेणे हीसुद्धा. लहान गावात न्यायाधीशाच्या खुर्चीची गरज लागत नाही. आपण सगळे थोडे थोडे मिळून निकाल देतो आणि आपणच तो अमलात आणतो. अपील करायला वरचे कोर्ट मात्र नसते.

संशय का येतो, याचीही कारणे संत थॉमस देतात. कोणी स्वतः वाईट असतो म्हणून दुसऱ्यालाही तसाच समजतो. कोणाच्या मनात समोरच्याविषयी आधीच अढी असते. आणि कोणी आयुष्यात फार काही पाहिलेले असते, म्हणून त्याला चटकन शंका येते. आमच्या मनात कोणते कारण होते, याचा आम्ही बराच विचार केला. त्या मुलाने पगारावरून भांडून काम सोडले, हे आम्हाला तेव्हाच पटले नव्हते. थोडे सोसायला हवे होते, असे आम्ही त्याला म्हणालोही होतो. चोरीची बातमी आली तेव्हा ती जुनी नाराजी आमच्या मनात आधीच बसलेली होती. आम्हाला वाटले, आपण विचार करतो आहोत. खरे तर आम्ही जुना हिशेब चुकता करत होतो.

दुकानदाराचे काय?

येथे कोणी म्हणेल, "फादर, ज्याची चोरी झाली त्याचेही जरा बघा. त्याने काय डोळे मिटून बसायचे?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

दुकानदाराने पोलिसांत तक्रार दिली, हे बरोबरच केले. पोलिसांनी विचारले की दुकानाची माहिती कोणाकोणाला आहे, तेव्हा त्याने खरे ते सांगितले. हेही बरोबर. प्रश्नाचे खरे उत्तर देणे म्हणजे आळ घेणे नव्हे. त्याने नवे कुलूप लावले, मागच्या बाजूला विटांची भिंत घातली. त्यातही कोणाचा अपमान नाही. संत थॉमस येथे एक फार उपयोगी भेद सांगतात. एखाद्या संकटावर उपाय करायचा असेल, तर वाईटात वाईट शक्यता गृहीत धरून तयारी करणे शहाणपणाचे आहे. पण गृहीत धरणे वेगळे आणि निवाडा करणे वेगळे. कुलूप सगळ्यांसाठी असते. ते कोणा एकाकडे बोट दाखवत नाही.

आम्हीही असा उपाय करू शकलो असतो. मोजणीला एकाऐवजी तिघे बसतील आणि चाबी आळीपाळीने राहील, असा नियम सर्वांसाठी केला असता, तर दानपेटी सुरक्षित राहिली असती आणि त्या मुलाची मानही खाली गेली नसती. आम्ही उपाय केला नाही. आम्ही माणूस निवडला.

कायदासुद्धा हा भेद पाळतो. नोकराने मालकाच्या मालाची चोरी करणे आपल्या कायद्यात साध्या चोरीपेक्षा मोठा गुन्हा मानला जातो, कारण त्यात विश्वास मोडलेला असतो. जुन्या भारतीय दंड संहितेत हे ३८१ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३०६ वे कलम आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंतची. परंतु शिक्षा जितकी मोठी, तितका पुरावाही पक्का लागतो. त्याला जागा माहीत होती, एवढ्यावर कोणी दोषी ठरत नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाबसुद्धा न्यायालय पुरावा म्हणून स्वीकारत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्या कायद्यातही कायम आहे. असा नियम का करावा लागला, हे सांगायला नको. १८ एप्रिल २०१४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, मुंबईत चोरीच्या संशयावरून वडाळा रेल्वे पोलिसांनी पकडलेला एक ख्रिस्ती तरुण ताब्यात असतानाच मरण पावला. तो पळताना रेल्वेखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे होते. कुटुंबाने ते मानले नाही. उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. आपण चौकात सहज उच्चारलेले नाव कुठपर्यंत जाऊन पोहोचू शकते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

एक फीत आणि एक यंत्र

नोकरावर चोरीचा आळ येणे ही जगभरची जुनी गोष्ट आहे. त्यातल्या दोन घटना सांगतो.

अठराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत रूसो तरुणपणी इटलीतल्या तुरीन शहरात एका श्रीमंत बाईंच्या घरी नोकर होता. १७२८ मध्ये त्या बाई वारल्या. घरातल्या वस्तूंची मोजदाद सुरू असताना एक जुनी रेशमी फीत हरवल्याचे लक्षात आले. ती रूसोकडे सापडली. ती त्यानेच चोरली होती. कोणी दिली, असे विचारल्यावर सोळा वर्षांच्या त्या मुलाने घाबरून घरातल्या स्वयंपाकीण मुलीचे नाव सांगितले. मारियोन तिचे नाव. सगळ्यांसमोर तिला बोलावले, तर हा तिच्या तोंडावर तेच बोलला. ती रडली, पण तिने त्याला उलट शिवी दिली नाही. खरे कोण आणि खोटे कोण, हे शोधण्याची तसदी न घेता मालकाच्या वारसाने दोघांनाही काढून टाकले. अपराध्याचे मनच निरपराध्याचा सूड घेईल, एवढे तो म्हणाला.

तसेच झाले. रूसो मोठा लेखक झाला, युरोपभर गाजला, पण म्हातारपणी आपले आत्मकथन लिहितानाही ती फीत त्याला सोडत नव्हती. एका फितीचे मोल ते काय! त्याला छळत होता तो दुसराच विचार. चोरीचा ठपका घेऊन बाहेर पडलेल्या त्या मुलीला पुढे काम कोणी दिले असेल? मारियोनचे पुढे काय झाले, ते त्याला कधीच कळले नाही. आणि आपण हेही पाहावे की त्या घरात अनेक शहाणी माणसे होती. त्यांच्यापैकी एकाने जरी नीट चौकशी केली असती, तरी सत्य बाहेर आले असते.

दुसरी घटना आपल्या काळातली आहे. इंग्लंडमध्ये खेडोपाडी लहान दुकानदार आपल्या दुकानातच पोस्टाचा कारभार सांभाळतात. १९९९ पासून पोस्टाने तेथे हिशेबाची नवी संगणक व्यवस्था बसवली. संगणक दाखवू लागला की अमुक दुकानात पैसे कमी आहेत, तमुक दुकानात कमी आहेत. पुढच्या सोळा वर्षांत नऊशेहून अधिक माणसांना चोरी, अफरातफर आणि खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरवण्यात आले. काहींनी घर विकून न झालेली तूट भरली. काही तुरुंगात गेले. भारतीय वंशाच्या एका गरोदर बाईला २०१० मध्ये तिच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवशी तुरुंगात पाठवले गेले. काहींनी आत्महत्या केल्या. २००३ मध्ये काम गमावलेले ॲलन बेट्स नावाचे गृहस्थ मात्र हटले नाहीत. त्यांनी ५५५ जण गोळा करून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की दोष त्या संगणक व्यवस्थेतच होते. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या, आणि २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून उरलेल्या शेकडो जणांना दोषमुक्त केले.

त्या खेड्यांतली माणसे दुष्ट नव्हती. वर्षानुवर्षे ज्याच्या हातून तिकिटे घेतली, पेन्शन घेतली, त्या दुकानदाराकडे त्यांनी पाठ फिरवली, कारण यंत्र खोटे बोलत नाही यावर त्यांचा विश्वास होता. आपल्याला तर यंत्रही लागले नाही. 'त्याला जागा माहीत होती' एवढे चार शब्द आपल्याला पुरले.

आपल्या तालुक्याला वेगळे सांगायला नको

खरे तर संशय काय करतो, हे शिकायला भामरागडच्या माणसाला इंग्लंडला जाण्याची गरज नाही. १९८० पासून आपल्या जिल्ह्याने जे पाहिले, ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. 'खबऱ्या' या एका शब्दावर माणसे घरातून नेली गेली आणि परत आली नाहीत. दुसऱ्या बाजूने, 'त्यांना जेवण दिले असेल' एवढ्या संशयावर माणसे तुरुंगात राहिली. १ मे २०२४ रोजी शेजारच्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जिवंत जाळण्यात आले. जाळणारे कोणी बाहेरून आलेले नव्हते.

आपण म्हणू, ते कुठे आणि आपली गोष्ट कुठे? हो, फरक मोठा आहे. पण सुरुवात तीच असते. कोणीतरी नाव घेतो. दुसरा 'असेलही' म्हणतो. तिसरा गप्प बसतो. जो गप्प बसला त्याचा होकार धरला जातो. पोप फ्रान्सिस आपल्या हयातीत कुजबुजीविषयी पुन्हा पुन्हा आणि फार कडक शब्दांत बोलत. बॉम्ब टाकून निघून जाणाऱ्याची उपमा ते कुजबुज करणाऱ्याला देत. आपल्याकडे जंगलातल्या रस्त्यांवर स्फोट झालेले आहेत. त्यामुळे या उपमेचा अर्थ आपल्याला अधिक कळावा.

आणि त्यानेच चोरी केली असेल तर?

हा शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न आहे. तो टाळून चालणार नाही. चोरी कोणी केली, हे आम्हाला ठाऊक नाही. तो मुलगा निर्दोष आहे, हे सिद्ध करण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. तसे सिद्ध करणे आमच्या हातात नाही आणि त्याच्याही हातात नाही. आपण त्या रात्री कुठे नव्हतो, हे कोण कसे दाखवणार? पुरात, अंधारात, प्रत्येक जण आपापल्या घरी होता. तुमच्या-आमच्याकडे तरी कोणता पुरावा आहे?

संत थॉमस यांनी या प्रश्नाचे उत्तर सरळ दिले आहे. शंकेचा फायदा दुसऱ्याला दिला, तर आपण कधी कधी फसू. वाईट माणसाला चांगले समजून बसू. तरीही चांगल्या माणसाला एकदा वाईट ठरवण्यापेक्षा अशी चूक अनेकदा झालेली बरी. कारण पहिल्या चुकीत कोणाचे काही हिरावले जात नाही. दुसऱ्या चुकीत एका माणसाची अब्रू जाते.

आपल्या चर्चचे धर्मशिक्षणही हेच सांगते आणि दोषांची तीन नावे देते. पुरेसा आधार नसताना, मनातल्या मनात का होईना, दुसऱ्याचा अपराध खरा धरणे हा अविचारी निवाडा. योग्य कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष ज्यांना तो ठाऊक नाही त्यांना सांगणे ही निंदा. आणि खोटे सांगून नाव घालवणे हा आळ. नीट पाहा, यातल्या दुसऱ्या दोषात सांगितलेली गोष्ट खरी असते! म्हणजे उद्या चोरी त्यानेच केली असे निघाले, तरीही गेल्या सात महिन्यांतले आपले बोलणे निर्दोष ठरत नाही. ज्याला माहीत असणे गरजेचे होते ते पोलीस, आणि त्यांना सांगून झाले होते. पानठेल्यावर, हातपंपावर आणि मिस्सा सुटल्यावर देवळाच्या दारात ते सांगण्याची कोणाला काय गरज होती?

पौलाचा 'जर'

नव्या करारात एक अगदी छोटे पत्र आहे. फिलेमोनाला लिहिलेले, एकाच अध्यायाचे. फिलेमोनाचा दास अनेसिम त्याला सोडून गेला होता. तो तुरुंगात असलेल्या संत पौलाला भेटला आणि ख्रिस्ती झाला. पौल त्याला मालकाकडे परत पाठवतो आणि सोबत हे पत्र देतो. अनेसिमाने जाताना काही चोरले होते, असे अनेक जुन्या भाष्यकारांना वाटले. पत्रात मात्र तसे म्हटलेले नाही. पौल एवढेच लिहितो की जर त्याने तुझे काही नुकसान केले असेल, किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड. आणि हे मी माझ्या हाताने लिहीत आहे, मी फेडीन, असेही तो जोडतो.

हा 'जर' आम्ही या प्रायश्चित्तकाळात पुन्हा पुन्हा वाचला. पौल अनेसिमाला निर्दोष म्हणत नाही आणि दोषीही म्हणत नाही. फिलेमोनाचे नुकसान तो खोटे ठरवत नाही. तो अनेसिमाला लपवूनही ठेवत नाही. मालकासमोर उभा करतो. पण त्याला एकटा पाठवत नाही. तो स्वतः, आपल्या नावासकट, त्याच्या बाजूला उभा राहतो. पुढे कलस्सैकरांच्या पत्रात आपल्याला अनेसिमाचा उल्लेख विश्वासू आणि प्रिय बंधू म्हणून सापडतो. पौलाने चाबी काढून घेतली असती, तर हे वाक्य लिहिले गेले असते का?

परतफेड

सातव्या आज्ञेविरुद्ध पाप करणाऱ्याला नुसते पापनिवेदन पुरत नाही. चोरलेला माल परत करावा लागतो, हे आपण सगळे जाणतो. आठव्या आज्ञेलाही तोच नियम आहे. क्षमा मिळाली तरी घेतलेली अब्रू परत करण्याचे कर्तव्य उरते, असे चर्च शिकवते. दुकानातला माल कोणाकडे आहे, हे आम्हाला ठाऊक नाही. त्या मुलाचे नाव मात्र कोणाकडे आहे, हे ठाऊक आहे. ते थोडे थोडे आपल्या सगळ्यांच्या घरात आहे आणि सर्वांत मोठा वाटा आमच्याकडे आहे.

अब्रूची परतफेड पैशाने होत नाही. ज्या तोंडाने नेली त्याच तोंडाने ती परत द्यावी लागते, आणि ज्यांना आपण सांगितले त्यांच्याकडेच जाऊन द्यावी लागते. म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो. आपण हे कोणाजवळ बोललो ते आठवून, त्यातल्या एकाला तरी सांगावे, "मी तसं म्हणालो होतो, पण मला खरं काही ठाऊक नाही." पुन्हा विषय निघाला तर गप्प बसू नये, "आपल्याला ठाऊक नाही" एवढे मोठ्याने म्हणावे. आणि ज्याच्याकडे काम आहे त्याने ते काम देताना या कुजबुजीला साक्षीदार म्हणून बोलावू नये. त्याचबरोबर त्या दुकानदारालाही विसरू नये. आजवर त्याला आपण पुष्कळ सल्ले दिले, मदत फारशी केली नाही.

आमच्यापुरते सांगायचे, तर आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईची माफी मागितली आहे. आज तुम्हा सर्वांसमोरही मागत आहोत, कारण चाबी आम्ही सॅक्रिस्टीत गुपचूप घेतली असली, तरी तिची बातमी सगळ्या गावात गेली होती. यापुढे मोजणीला तिघे बसतील आणि चाबी आळीपाळीने राहील. हा नियम सर्वांना लागू असेल, आम्हालाही.

मिरचीचे काम संपले की सणाच्या आधी तो परत येणार आहे. पुनरुत्थानाच्या रविवारी मिस्सानंतर मोजणीच्या टेबलावर त्याची चाबी ठेवलेली असेल. ती घ्यायची की नाही, हे तो ठरवील. त्याने घेतली नाही, तरी आम्हाला तक्रार करण्याचा अधिकार नाही. तो देवळात आला, तर कृपा करून त्याच्याकडे वळून पाहू नका. बाकावर थोडे सरका आणि त्याला जागा द्या, जशी आपण कोणालाही देतो.

हे प्रभो येशू, तुझ्यावरही खोटा आळ आला आणि तुझ्या बाजूने बोलायला कोणी उभे राहिले नाही. ज्यांचे काही चोरीला गेले त्यांना धीर दे. ज्यांच्यावर आळ आला त्यांना एकटे पडू देऊ नकोस. आणि आमच्या जिभेवर तुझे पहारे बसव. आमेन.

ख्रिस्तात तुमचे,
धर्मगुरू